टोकाचं पाणी

घोड नदीच्या काठावर, मंचरच्या खालच्या अंगाला एक गाव होतं. गावाच्या वरून डिंभे धरणाचा कालवा जायचा. त्या कालव्याला एक चारी फुटली होती. चारीच्या तोंडाशी एका शेतकऱ्याचा मळा होता. चारी जिथं संपायची तिथं एका म्हाताऱ्याचं रान होतं. मधे तीन किलोमीटरचं अंतर आणि वीस-बावीस जणांची शेतं.

तोंडाचा शेतकरी कष्टाळू होता. त्याच्या वडिलांनी याच जमिनीत बाजरीशिवाय दुसरं पीक पाहिलं नव्हतं. १९७२च्या दुष्काळात ते रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. मग धरण झालं, कालवा आला. बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला, उसाच्या पैशातून विहीर बांधून झाली, पक्कं घर झालं. शेतकरी लोकांना सांगायचा, "हे सगळं माझ्या बापाच्या आणि माझ्या घामाचं आहे." त्यात खोटं काही नव्हतं. फक्त ते पुरतं नव्हतं.

चारीवर शेजपाळी होती. पाणी आधी टोकाला द्यायचं आणि एकेक शेत भिजवत वर तोंडाकडे यायचं, असा नियम. पाणी वापर संस्थेच्या भिंतीवर पाळीपत्रक चिकटवलेलं असायचं. पत्रकात टोकाच्या म्हाताऱ्याचं नाव पहिलं होतं आणि शेतकऱ्याचं शेवटचं. पण पत्रक भिंतीवर राहायचं आणि पाणी चारीतून वाहायचं. रात्र पडली की शेतकरी चारीत आडवा पत्रा टाकायचा, मागं मातीच्या गोण्या रचायचा आणि आपलं दार उघडायचा. सगळं पाणी त्याच्या उसात शिरायचं. पहाटे तो पत्रा काढून ठेवायचा. मधले शेतकरीही जमेल तसं तेच करायचे. टोकाला जे पोचायचं त्यानं चारीचा तळसुद्धा धड ओला व्हायचा नाही.

पाटकऱ्याला हे ठाऊक होतं. गावालाही ठाऊक होतं. शेतकरी मनाशी म्हणायचा, "उसाला पाणी जास्त लागतं. टोकाला आहे काय? अर्धा एकर कांदा."

त्याची मुलगी नववीत होती. डिसेंबर महिना होता आणि रब्बीचं आवर्तन सुटलं होतं. बारा तारखेला शाळेत बाबू गेनूंवर भाषणं व्हायची होती. सरांनी तिला दोन पानांचं भाषण लिहून दिलं होतं. त्यात आहुती होती, बलिदान होतं, धगधगतं यज्ञकुंड होतं. मुलीनं ते पाठ केलं. मग आजीपुढं म्हणून दाखवलं.

आजी म्हणाली, "चांगलं आहे गं. पण झालं काय होतं ते यात कुठंय?"

"ते तू सांग," मुलगी म्हणाली.

आजीनं सांगितलं. मीही ते जरा सावकाशच सांगतो, कारण भाषणात ते फार घाईनं उरकलं जातं.

याच आंबेगाव तालुक्यात महाळुंगे पडवळ नावाचं गाव आहे. तिथल्या सैद घराण्यात १९०८ साली एक मुलगा जन्मला. घरची गरिबी. त्या काळी या डोंगराकडच्या गावांतली माणसं पोट भरायला मुंबईला जायची, गिरणीत लागायची. तोही गेला. दिवसभर त्याच्या हाताखालून कापड जायचं. १९३० साल उजाडलं. गांधीजींनी मीठ उचललं आणि देशभर लोक उठले. विलायती कापड घ्यायचं नाही, विकू द्यायचं नाही, असं ठरलं. हा गिरणी कामगार स्वयंसेवक झाला.

१२ डिसेंबर १९३०. मुंबईतला काळबादेवीचा रस्ता. विलायती कापडाच्या गाठी भरलेली एक लॉरी निघाली. पोलीस बरोबर होते. स्वयंसेवक एकेक करून लॉरीपुढं येत होते, पोलीस त्यांना ओढून बाजूला काढत होते. हा पुढं आला आणि रस्त्यावर आडवा झाला. सांगतात की, ड्रायव्हर आपल्याच देशातला होता आणि त्यानं लॉरी पुढं न्यायला नकार दिला. तेव्हा गोऱ्या सार्जंटनं चाक हातात घेतलं. लॉरी त्याच्या अंगावरून गेली. त्याच दिवशी त्याचा जीव गेला. वय बावीसच्या आसपास. दुसऱ्या दिवशी त्याच्या अंत्ययात्रेला मुंबई लोटली. ज्याला सकाळपर्यंत आपल्या खोलीतले लोक सोडून फारसं कुणी ओळखत नव्हतं, त्याचं नाव संध्याकाळपर्यंत शहरभर झालं.

"त्यांना माहीत होतं का, लॉरी थांबणार नाही म्हणून?" मुलीनं विचारलं.

"ते कुणाला सांगता येईल?" आजी म्हणाली. "पण उठायला वेळ होता. तो उठला नाही."

मग आजीनं जुन्नरच्या शिवनेरीचीही गोष्ट काढली. आमच्याकडे एक गोष्ट निघाली की दुसरी निघतेच. १६२९ साली जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव आणि त्यांची मुलं, निजामशाहीच्या दरबारात, दौलताबादला मारली गेली. जिजाऊंच्या पोटात तेव्हा मूल होतं. पुढच्या फेब्रुवारीत, १६३० साली, शिवनेरीवर ते मूल जन्मलं. नवरा मोहिमांवर, माहेर उद्ध्वस्त, आणि त्या गडावर बाळंतीण झाल्या.

मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आजी, बाबू गेनूंनी जीव दिला. पण जिजाऊंनी वडील दिले नाहीत. ते त्यांच्याकडून घेतले गेले. दोन्हीला त्यागच म्हणायचं का?"

आजीनं उत्तर दिलं नाही. तिला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना बोलायची तिला सवय नव्हती.

रात्री शेतकरी पत्रा टाकायला निघाला. गडी गावाला गेलेला. त्या भागात उसात बिबट्या असतो, म्हणून रात्री दारं धरायला एकटं कुणी जात नाही. आजी म्हणाली, "पोरीला घेऊन जा, बॅटरी धरील. आणि मोबाइलवर गाणी लावा मोठ्यानं." बापलेक निघाले. थंडी चांगली पडली होती.

शेतकऱ्यानं चारीत पत्रा घातला. गोण्या रचल्या. पाणी तुंबलं, चढलं आणि त्याच्या दारातून सरीत वळलं. मुलगी बॅटरी धरून उभी होती. ती म्हणाली, "दादा, पत्रकात आज आपलं नाव नाही."

"तू भाषण पाठ कर," शेतकरी म्हणाला.

तेवढ्यात चारीच्या खालच्या बाजूनं घुंगरांचा आवाज आला. काठीला घुंगरू बांधून कुणीतरी कोरड्या चारीतून वर येत होतं. बॅटरीच्या उजेडात टोकाचा म्हातारा दिसला. डोक्याला टॉवेल, अंगावर घोंगडी, पाय मातीनं पांढरे झालेले. तो तीन किलोमीटर चारीच्या तळातून चालत आला होता.

शेतकऱ्यानं पहार हातात घट्ट धरली. त्याला वाटलं, आता भांडण.

म्हातारा पत्र्यापाशी थांबला. पत्र्याकडे पाहिलं, गोण्यांकडे पाहिलं, उसाकडे पाहिलं. म्हणाला, "पाणी कुठं अडलंय ते बघत आलो. आता कळलं." मग चारीच्या काठावर बसला. "पोरी, पेयाला पाणी हाय का गं?"

मुलीनं बाटली दिली. म्हाताऱ्यानं तोंड न लावता वरून पाणी घेतलं. बाटलीचं झाकण नीट लावून परत केली.

"बाबा, एवढ्या रात्री एकटे आलात?" मुलगी म्हणाली. "बिबट्या असतो."

"आमी बिबट्याच्याच गावचं, बाळा. डिंभ्याच्या वरचं. आता ते गाव नाय."

"का?"

"धरणात गेलं."

शेतकऱ्यानं गाण्यांचा आवाज बंद केला. म्हाताऱ्याचं रान पुनर्वसनात मिळालेलं आहे, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यापलीकडे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

म्हातारा सांगत गेला. नदीच्या अंगाला त्यांची वाडी होती. खाली भाताची खाचरं, वर नाचणी-वरईचा डोंगर. हिरड्याच्या दिवसांत सगळं घर रानात. हिरडा वाळवायचा, गोणीत भरायचा आणि आंबेगावच्या बाजाराला न्यायचा. ते आंबेगावही गेलं. ज्या गावाच्या नावानं तालुका ओळखला जातो ते गावच पाण्याखाली आहे आणि तालुक्याची कचेरी घोडेगावला. साहेब आले, जमीन मोजली, झाडं मोजली, घराची कौलं मोजली. कागदावर अंगठा घेतला. मग एका पावसाळ्यात पाणी चढत आलं. वाडीच्या शिवेवर म्हाताऱ्याच्या आईबापाच्या नावाचे दोन दगड होते. तो एकटा होता. बापाचा दगड त्यानं खांद्यावर घालून वर नेला. आईच्या दगडासाठी परत आला तोवर पाणी गुडघ्याच्या वर होतं.

"तो राहिला," म्हातारा म्हणाला.

त्याचे भाऊबंद तिथंच वरच्या डोंगराला राहिले. काही धरणात मासे धरतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करतात, पाणी चढायच्या आत पीक काढून घेतात. आपल्याच जुन्या जमिनीवर, चार महिन्यांपुरती. हा मात्र खाली आला, कारण कागदावर त्याला इथं जमीन मिळाली होती. जमीन चारीच्या टोकाला होती.

"एका उन्हाळ्यात गेलतो बघायला," तो म्हणाला. "आमच्या खाचराचा बांध दिसला. दगड काय दिसला नाय."

मुलीनं विचारलं, "बाबा, धरणाच्या त्या पाण्याला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात ना?"

"म्हणत्यात. आपल्याच तालुक्याचा गडी तो."

"उद्या माझं त्यांच्यावर भाषण आहे." मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "त्यांनी देशासाठी जीव दिला. तुम्ही गाव दिलं."

म्हाताऱ्यानं मान हलवली.

"नाय, बाळा. त्यानं दिला. आमचं घेतलं. त्याला कुणी झोप म्हणलं नव्हतं, तो आपल्या मनानं झोपला. आम्हाला कुणी द्याल का म्हणून इचारलं नाय. कागद आला. दोन्हीला एकच नाव नको देऊ भाषणात. त्याचंही मोल उणं होतं आणि आमचंही."

संध्याकाळी आजीला जे विचारलं होतं तेच मुलीनं पुन्हा विचारलं. "मग तुमचा त्याग नाही म्हणायचा का, बाबा?"

म्हातारा बराच वेळ बोलला नाही. सरीत पाणी पुढं सरकत होतं, त्याचा आवाज येत होता.

देश उभा करणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ असतात. फोटो भिंतीवर असतात, जयंत्या-पुण्यतिथ्या दिनदर्शिकेत असतात, आणि त्या असायलाच हव्यात. पण देश स्वतंत्र झाल्यावर त्याची धरणं बांधायची होती, कालवे काढायचे होते, कोरडी रानं भिजवायची होती. एकट्या कुकडी प्रकल्पात डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे अशी पाच धरणं आली आणि त्यांचं पाणी जुन्नर-आंबेगावातून निघून पार नगर-सोलापूरच्या दुष्काळी रानापर्यंत गेलं. त्या प्रत्येक धरणाच्या पोटात कुणाची तरी जमीन आहे. त्या माणसांचे फोटो कुठल्या भिंतीवर नाहीत. त्यांना सांगितलं गेलं, देशासाठी आहे. ते उठले आणि डोक्यावर भांडी घेऊन निघाले. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून गोष्ट थांबवून सांगितलं.

मग म्हातारा बोलला. मुलीकडे नाही, शेतकऱ्याकडे बघून.

"त्याग म्हणायचा का लूट, ते माझ्या हातात न्हवतं. अजूनबी नाय. ते तुमच्या हातात हाय, भाऊ. पाणी टोकापत्तुर गेलं, तर आमी दिलं. हितंच अडलं, तर आमचं लुटलं."

एवढं बोलून तो उठला. घोंगडी झटकली. काठी उचलली.

शेतकरी काही बोलला नाही. त्यानं पहार चारीत रोवली आणि पहिली गोणी उचलून बाजूला टाकली. मग दुसरी. मग पत्रा ओढून काढला. आपल्या दाराची फळी खाली दाबली, तिच्या फटीत चिखल भरला. तुंबलेलं पाणी एकदम सुटलं आणि कोरड्या चारीत पुढं धावलं.

"चला बाबा," तो म्हणाला. "पाण्याबरोबर चलू."

पण पाणी नुसतं सोडलं म्हणून टोकाला जात नाही, हे शेती करणाऱ्याला सांगायला नको. चारी कित्येक दिवस कोरडी होती. तळाला भेगा होत्या. कडेला उंदरांनी बिळं केली होती. गवत माजलं होतं. पाणी थोडं पुढं जायचं आणि कुठंतरी मुरायचं. शेतकरी चारीत उतरला. मुलगी बॅटरी धरायची, शेतकरी फावड्यानं चिखल ओढायचा, म्हातारा पायानं तो बिळात दाबायचा. एका ठिकाणी कड फुटली होती. तिथं शेतकऱ्यानं अंगातलं स्वेटर काढून भोकात कोंबलं आणि वर माती लोटली.

वाटेत चार दारं उघडी होती. प्रत्येक ठिकाणी शेतकरी थांबला आणि फळी खाली दाबली. तिसऱ्या दाराशी शेतातून एक जण ओरडत आला, "कोण आहे रे? माझं दार का लावतो?"

"मी आहे," शेतकरी म्हणाला.

"तू? तूच तर रोज पत्रा टाकतोस!"

"टाकत होतो. आज काढला. पत्रकात बाबांचं नाव आहे. त्यांचं झालं की मधल्यांचं, शेवटी माझं."

तो माणूस काहीतरी पुटपुटला. पण शेतकऱ्याच्या पँटवर मांडीपर्यंत चिखल होता आणि अंगात स्वेटर नव्हतं. ते पाहून तो पुढं काही बोलला नाही. थोड्या वेळानं तोही फावडं घेऊन मागून आला.

तांबडं फुटता फुटता पाणी टोकाला पोचलं. म्हाताऱ्यानं आभार मानले नाहीत. त्याची पाळी होती, तिचं पाणी आलं होतं. त्यानं पहिल्या वाफ्याचं तोंड उघडलं, पाणी आत घेतलं, वाफा भरला, तोंड बंद केलं, दुसऱ्याचं उघडलं. कांद्याची रोपं माना टाकून पडली होती. तो वाकून एकेक वाफा बघत राहिला. मग त्याच्या सुनेनं चूल पेटवून सगळ्यांना चहा दिला.

मुलगी तशीच घरी गेली. आंघोळ करून शाळेत गेली. भाषणाची वेळ आली तेव्हा तिच्या हातात ती दोन पानं होती, पण तिनं ती उघडली नाहीत. यज्ञकुंड सोडून दिलं. बाबू गेनू कुठल्या गावचे, मुंबईत काय काम करायचे, लॉरीत काय होतं, ते कुठं आडवे झाले, एवढंच तिनं सांगितलं. मग त्यांच्या नावाचं पाणी कुठून येतं आणि त्याच्या तळाशी कुणाची खाचरं आहेत, ते सांगितलं. म्हाताऱ्यानं बजावल्याप्रमाणे दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या. नंबर काही आला नाही. सर म्हणाले, "पाठ नव्हतं का तुझं?"

महिनाअखेरीला पाणी वापर संस्थेची बैठक झाली. शेतकरी उभा राहिला. म्हणाला, "माझ्या दाराला कुलूप लावा आणि किल्ली टोकाच्या बाबांकडे ठेवा. त्यांचं रान भिजलं की ते किल्ली वरच्या शेजाऱ्याला देतील. अशी एकेक शेत वर येत येत ती माझ्याकडे येईल. तेव्हा मी दार उघडीन."

बैठकीत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, "ऊस वाळला मग?" कुणी म्हणालं, "बाबा म्हातारे आहेत, किल्ली हरवली म्हणजे?" कुणी म्हणालं, "तुझं तू कर, आमच्या दारांचं बघू नंतर." अध्यक्षांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. पण शेतकऱ्यानं कुलूप बरोबर आणलं होतं. बैठक संपल्यावर त्यानं पाटकऱ्याला घेऊन ते आपल्या दाराला लावलं. किल्ली स्वतः चालत टोकाला नेऊन दिली. म्हाताऱ्यानं ती घेतली आणि घोंगडीच्या टोकाला गाठ मारून ठेवली.

पुढच्या आवर्तनापर्यंत आणखी सहा दारांना कुलपं लागली. उरलेल्यांना नाही लागली.

ते आवर्तन जानेवारीत सुटलं. टोकाच्या कांद्याला पाणी पहिल्या दिवशी मिळालं. तोंडाच्या उसाला दहाव्या दिवशी. तोवर उसाची खालची पानं थोडी पिवळी पडली होती. किल्ली घेऊन आलेला शेजारी म्हणाला, "दम निघाला का रे तुझा?" शेतकऱ्यानं किल्ली घेतली, कुलूप काढलं आणि दारं धरायला उसात शिरला.